साहेबांचं घड्याळ बंद पडू नये म्हणून

आमच्या घरात घड्याळ नव्हतं आणि त्यावाचून काही अडतही नव्हतं. सकाळची पहिली एसटी शेंडी गावाच्या वळणावर घरघरली की आई चूल पेटवायची, आणि संध्याकाळी ती परत फिरली की मी शेळी बांधायला निघायचे. बंगल्याच्या दिवाणखान्यात लंबकाचं मोठं घड्याळ होतं. त्याचे ठोके मागच्या बाजूला असलेल्या आमच्या दोन खोल्यांपर्यंत यायचे, पण ते घड्याळ पाहुण्यांचं. आम्ही ते ऐकायचो, त्याच्यासमोर उभं राहून बघायचो नाही. बाबा भंडारदऱ्याच्या त्या बंगल्यावर खानसामा होते. मालक नाशिकला राहायचे, त्यांचा मॅनेजर महिन्यातून एकदा यायचा, आणि एरवी उन्हाळ्यात नि पाऊस उघडल्यावर मुंबई-पुण्याची माणसं मोटारी घेऊन उतरायची. आम्ही मूळचे शेवगावकडचे, कोरड्या मुलखातले. मिशनच्या वसतिगृहात बाबा स्वयंपाक शिकले आणि त्या हुन्नरावर इथे पाण्याच्या काठी आले. धरणातला मासा नागलीच्या पिठात घोळवून ते असा काही तळायचे की पाहुणे स्वयंपाकघराच्या दारापर्यंत वास काढत यायचे. बाबा तेवढ्यावर खूश असायचे. कुणी "वा, डॅनियल!" म्हटलं की आमच्याकडे येऊन ते आईला सांगायचे, आणि आई तव्यावरची भाकरी उलटत म्हणायची, "व्हय, आता फुगा तुमी बी."

बाबांना दोन गोष्टींचा अभिमान होता. एक, बंगल्यातले काटे-चमचे. ते वस्त्रगाळ राखेनं रोज घासायचे आणि तोंड दिसेल असे ठेवायचे. दुसरी, पाहुण्यांची विसरलेली वस्तू. बंगल्यात कुणाचं काही राहिलं आणि परत गेलं नाही असं कधी झालं नव्हतं. चष्मे, छत्र्या, एका बाईंच्या पायातलं एक पैंजण, एका म्हाताऱ्याची कवळीसुद्धा बाबांनी फडक्यात बांधून मॅनेजरच्या हाती दिली होती. ही कवळीची गोष्ट ते नाताळात आलेल्या प्रत्येक नातेवाइकाला सांगायचे. मला ती पाठ होती, आणि तरी मला ती आवडायची, कारण सांगताना ते खुर्चीत जरा ताठ बसायचे.

त्या उन्हाळ्यात काजवे बघायला मुंबईचे एक साहेब आले. दोन दिवस राहिले, सकाळी उठून गेले. बाबा न्हाणीघर धुवायला गेले तर साबणाच्या वडीमागे घड्याळ. ते ओल्या हातांनी तसेच रस्त्यापर्यंत धावले, पण मोटार घाट उतरून गेली होती. परत आले तेव्हा त्यांनी घड्याळ दोन्ही तळव्यांवर असं धरलं होतं की मला वाटलं पक्ष्याचं पिल्लू आणलंय.

मी तोवर घड्याळ म्हणजे गोल डबी आणि तिला दोन बाजूंनी अडकवलेला चामड्याचा पट्टा एवढंच बघितलं होतं. हे निराळंच होतं. धड गोल नाही, धड चौकोनी नाही, कडा तासल्यासारख्या. आणि पट्टा त्याला लावलेला नव्हताच. घड्याळाच्या अंगातूनच तो खाली उतरत होता. वर रुंद, मग एकेक कडी अरुंद होत होत मनगटाखाली जुळणारा. सगळं पोलादाचं. कड्यांची पाठ मंद, तिच्यावर केसासारख्या बारीक रेघा, आणि कडेकडेला आरशासारखी चकाकी, म्हणून हात हलवला की उजेड एका कडीवरून दुसऱ्या कडीवर उतरत जायचा. तबकडी धरणाच्या संध्याकाळच्या पाण्याच्या रंगाची. सेकंदाचा काटा उड्या मारत नव्हता, नुसता सरकत होता. ते उघडतं कुठे हेच बाबांना पहिल्यांदा सापडेना. जोड दिसतच नव्हता. आई म्हणाली, "बांगडी हाय का घड्याळ?" आणि बाबा तिच्यावर खेकसले, "हात लावू नगंस. दुसऱ्याचं हाय."

बाबांनी पोस्टातून नाशिकला फोन लावला. मॅनेजरनं चौकशी केली आणि सांगितलं, साहेब परदेशी निघालेत, पाऊस उघडल्यावर इकडे येतील तेव्हा घेतील, तोवर जपून ठेव. 'जपून ठेव' हे दोन शब्द बाबा घरी येईपर्यंत पुटपुटत आले असणार, कारण आल्याबरोबर त्यांनी ट्रंक उघडली, बायबलशेजारी धुतलेला रुमाल अंथरला, त्यात घड्याळ गुंडाळलं, आणि किल्ली जानव्यासारखी गळ्यात घातली. ख्रिस्ती माणसाच्या गळ्यात जानवं बघून आई दिवसभर हसत होती.

तिसऱ्या दिवशी बाबांनी रुमाल उघडून बघितला तर काटे थांबलेले. बाबांचा चेहरा मी अजून विसरलेले नाही. घरात कुणी गेल्यावर माणसं जशी भिंतीला टेकून बसतात तसे ते बसले. "माझ्या हातात बंद पडलं," एवढंच म्हणत राहिले. जेवले नाहीत. त्यांनी ते उचलून कानाला लावलं, हलवलं, आणि काटा पुन्हा सरकायला लागला तेव्हा 'प्रभू, तुझी करुणा' असं मोठ्यांदा म्हणाले. पण रुमालात ठेवलं की दोन दिवसांत पुन्हा बंद. मग आमच्या घरात जे उद्योग सुरू झाले त्यांचं आज हसू येतं. बाबांनी ते सुतळीनं आढ्याला टांगलं, वाऱ्यानं हलेल म्हणून. ते सुतळीला पीळ घालत एकाच जागी गरगरलं आणि थांबलं. मी जात्याच्या खुंट्याला बांधून बघूया म्हटलं. आई म्हणाली, "त्यापरीस शेळीच्या गळ्यात घाला. ती घडीभर गप बसत न्हाई." बाबांनी त्यावर खरोखर क्षणभर विचार केला.

शेवटी बाजाराच्या दिवशी बाबा मला घेऊन राजूरला घड्याळवाल्याकडे गेले. लाकडी टपरीत तो एका डोळ्याला भिंग लावून बसायचा. त्यानं घड्याळ हातात घेतलं आणि भिंगाखाली फिरवून बघितलं. मग हळूच हलवून माझ्या कानाजवळ आणलं. आत काहीतरी सर्रकन फिरून थांबलं.

"आयकलं का पोरी? चावी न्हाई ह्येला. आत येक अर्धी चकती हाय, वजनाची. मानसाचा हात हालतो तशी ती फिरती अन् स्प्रिंग गुंडाळती. ह्ये हातात घालायचं घड्याळ हाय भाऊ, पेटीत ठिवायचं न्हाई."

"पर ठिवलं तर?" बाबांनी विचारलं.

"बंद पडंल. अन् लई दिस बंद ऱ्हायलं तर आतलं तेल थिजायचं."

तेल थिजण्याचं बाबांनी मनाला लावून घेतलं. आता हे हातात घालावं तर लागणार, पण ते स्वतः घालायला तयार नव्हते. साहेबाची वस्तू नोकरानं मनगटावर मिरवत पाहुण्यांना चहा द्यायचा, हे त्यांच्या बुद्धीला पटेना. पाहुणे काय म्हणतील? मागे चुलीपाशी कुणी बघत नाही, तेव्हा आईनं घालावं असं त्यांनी ठरवलं. पण साहेबांचं मनगट चांगलं जाड. माझ्या हातातून ते थेट कोपरापर्यंत जात होतं. "चामड्याचा पट्टा बसवून द्या, ह्यो काढून ठिवतो," बाबा म्हणाले. घड्याळवाला हसला. "ह्येला दुसरा पट्टा बसतच न्हाई. घड्याळ अन् पट्टा येकच बनावट हाय. कड्या काढून लहान करता येतंय, बास." आईचा हात माझ्याएवढाच म्हणून माझ्या मनगटावर माप घेतलं. कड्यांना पिना नव्हत्या, डोळ्याला दिसणार नाहीत असे स्क्रू होते, आणि तेवढा बारीक पेचकस त्याच्याकडे नव्हता. त्यानं एका पेचकसाचं टोक दगडावर घासून घासून तयार केलं. काढलेल्या कड्या आणि स्क्रू काडेपेटीत घालून दिले. बाबांनी त्या काडेपेटीला उभा-आडवा दोरा गुंडाळला आणि ती बायबलशेजारी ठेवली.

तेव्हापासून ते घड्याळ आमच्या घरातलं एक माणूस झालं. त्याची निगा कुणाकडे, याची पाळी असायची. सकाळी आईकडे, शाळेतून आल्यावर माझ्याकडे. शाळेत मात्र कधी न्यायचं नाही. बाबांनी नियम घालून दिले होते: पाण्यात हात नाही, शेणात हात नाही, विळ्याला हात लावताना काढायचं. पण आमचं काम म्हणजे पाणी, शेण आणि विळाच. आई भांडी घासताना ते जरा वर सरकवून त्यावर चिंधी गुंडाळायची. भाकरी थापताना मात्र तिला ते मनगटावरच बरं वाटायचं. "हात हालतो ना, मग त्येचं पोट भरतंय," म्हणायची. निवांत बसली की मध्येच मनगटाला एक झटका द्यायची, आत चकती सर्रकन फिरायची, आणि ती पुन्हा तांदूळ निवडायला लागायची. बोलता बोलता, प्रार्थनेत डोळे मिटलेले असतानाही, ते मनगट तसं उडायचं. बाबा रोज संध्याकाळी ते कानाला लावून बघायचे. चालू. मग ट्रंकेकडे बघून मान हलवायचे, जणू साहेब ट्रंकेत बसलेले आहेत.

मला ते फार आवडायचं, हेही सांगून टाकते. पावसाळ्यात तिकडे आठवडेच्या आठवडे धुकं घरात शिरून बसतं. कपडे वाळत नाहीत, चुलीचा धूर खाली येतो, कोंबड्यासुद्धा गप्प होतात. त्या दिवसांत मी कोनाड्याशी बसून नुसती ती तबकडी बघायचे. तिच्यावर बारीक जाळीदार नक्षी होती, नीट बघितलं तरच दिसणारी. एवढ्याशा जागेत एवढं काम कुणी कशासाठी केलं असेल, असं मला वाटायचं. आई तेवढ्यात हाक मारायची आणि मी मनगटाला झटका देत उठायचे.

रविवारी बाबा ते साफ करायचे. कड्यांच्या फटीत नागलीचं पीठ बसायचं, ते खराट्याच्या काडीनं टोकरून काढायचे. आणि मग वस्त्रगाळ राख घेऊन पाठ घासायचे. त्या मंद रेघा त्यांच्या डोळ्यांत सलायच्या. कडा बघा कशी आरशासारखी, आणि पाठ मात्र मळकी, चरे पडलेली. साहेबांनी लक्ष दिलेलं दिसत नाही, असं ते म्हणायचे. "चमचा बी असाच हुतो, न घासल्यावर." ओल्या फडक्यावर राख घेऊन, चमच्याला लावायचा तोच जीव लावून, त्यांनी एकेक कडी घासली. पाऊस सरेपर्यंत त्या रेघा बहुतेक गेल्या होत्या आणि पट्टा सगळीकडून सारखा चमकत होता. आम्ही तिघं उन्हात धरून बघायचो. कसं नवंकोरं झालं, असं आम्हाला खरंच वाटत होतं.

परवा मुलाबरोबर पुण्यात घड्याळांच्या एका मोठ्या दुकानात गेले होते. भाच्याच्या लग्नात द्यायला साधं घड्याळ घ्यायचं होतं, आणि मुलगा उगाच दुसऱ्या काचेपाशी रेंगाळला. विकणाऱ्या पोरानं पांढरे हातमोजे घातले आणि तसलं एक बाहेर काढलं. पट्टा घड्याळाच्या अंगातूनच उतरणारा. पोरगं मोठ्या कौतुकानं सांगत होतं, मॅडम, ही पाठीवरची मंद रेघांची झिलई हातानं देतात, आणि कडेची चकाकी तिला लागून असते, दोन्हीतल्या फरकातच सगळी मजा आहे, म्हणून हे कधी घासायचं नाही. मी म्हटलं, राखेनं घासलं तर? पोरगं हसलं. मुलगाही हसला. मी बाहेर येऊन पायरीवर बसले, गुडघा दुखतोय असं सांगून.

दिवाळी होऊन भात कापणी चालू होती तेव्हा साहेब आले, आधी न कळवता, बायकोला घेऊन. बाबा घड्याळ ज्या तऱ्हेनं परत द्यायचं ठरवून बसले होते ते सगळं आम्हाला ठाऊक होतं: चांदीच्या तबकात पांढरा नॅपकिन, त्यावर घड्याळ, शेजारी काडेपेटी. साहेब हातात घेतील, कानाला लावतील, चालू आहे असं बघून काहीतरी म्हणतील. काय म्हणतील तेही बाबांनी ठरवलं असावं. पण घड्याळ त्या वेळी आईच्या हातात होतं आणि आईचा हात परातीत. बाबा धावत आले, "काढ, काढ, आलं साहेब," आणि आईच्या पिठाळ बोटांना तो लपलेला जोड उघडेना. शेवटी बाबांनीच ते सोडवलं, फडक्यानं पुसलं, आणि गेले. मी चहाचा ट्रे घेऊन मागून. आई दारापर्यंत आली आणि हात पदराला पुसत तिथेच थांबली.

साहेब वाईट माणूस नव्हते, हे मला अजूनही म्हणावंसं वाटतं. त्यांनी तबकाकडे बघून "अरे वा, हे इथेच होतं, नाही का" असं हसून म्हटलं आणि घड्याळ मनगटावर चढवलं. ते बसेना. दोन्ही टोकांमध्ये चांगलं दोन बोटांचं अंतर. त्यांनी उलटंसुलटं करून बघितलं. त्यांच्या डाव्या हातात आधीच दुसरं नवं घड्याळ होतं ते मला तेव्हा दिसलं.

"हे लहान कसं झालं?"

"कड्या काढल्यात साहेब. ह्या बघा, समद्या जपून ठिवल्यात." बाबा काडेपेटीचा दोरा सोडायला लागले. दोरा सुटेना.

बाईंनी घड्याळ साहेबांच्या हातातून घेतलं, उजेडात धरलं. "हे तर बाईच्या हाताला बसवलंय," त्या म्हणाल्या. "कोण घालत होतं?"

बाबांना खोटं बोलता आलं असतं. दुकानात दाखवलं, तिथे केलं, काहीही. त्यांच्या मनातही आलं नसावं. "माझी बायको," ते म्हणाले. "अन् पोरगी."

बाईंनी वर बघितलं. दारात आई उभी होती. तिच्या रापलेल्या मनगटावर एक पट्टा गोरा राहिला होता, वर रुंद, खाली अरुंद होत गेलेला, घड्याळ काढून तिथे रंगानं काढून ठेवल्यासारखा. आईनं बाईंची नजर कुठे आहे ते बघितलं आणि हात पदराआड घेतला. तेवढ्यानं सगळं झालं. चोरानं लपवावं तसा तिनं आपला हात लपवला. मी माझाही हात ट्रेखाली घेतला, आणि ट्रे कलून चहा बशीत सांडला. माझे कान तापले. आम्ही काही केलं नव्हतं हे मला माहीत होतं. तरी लाज अशी आली की जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. काहीही केलेलं नसताना येणारी लाज मी त्या दिवशी पहिल्यांदा अनुभवली. केलेल्याची असती तर पाय धरून माफी तरी मागितली असती. हिचं काय करायचं तेच कळत नव्हतं.

"आणि ह्याच्यावरच्या रेघा कुठे गेल्या?" साहेबांनी विचारलं.

बाबांचा चेहरा पहिल्यांदा उजळला. हा प्रश्न त्यांना येत होता. "लई मळलं हुतं साहेब. चरे बी हुते. दर आयतवारी घासून घासून काढले समदे."

साहेबांनी डोळे मिटले. "चरे नव्हते रे ते," एवढंच म्हणाले. बाईंनी पर्समधून एक बाटली काढली, रुमालावर ओतली, सगळ्या व्हरांड्यात गोड वास पसरला, आणि त्या घड्याळ पुसायला लागल्या. एकेक कडी, वरून, खालून, जी बाजू हाताला लागते ती दोनदा. एका फटीतून नागलीच्या पिठाचा लहानसा तपकिरी गोळा निघाला. तो त्यांनी रुमालाच्या टोकात धरून कठड्याबाहेर झटकला. साहेबांनी हात पुढे केला तर म्हणाल्या, "थांबा हो, आधी पुसू दे." त्या ज्या तऱ्हेनं पुसत होत्या ते मला त्या वयातही समजलं. आम्ही कोण, आमचे आजे-पणजे कोण, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. विचारावंही लागलं नव्हतं.

बाबांकडे अजून एक गोष्ट शिल्लक होती, आणि ती सांगितली की सगळं सरळ होईल अशी त्यांची समजूत होती. दोन्ही हात समोर जोडल्यासारखे धरून ते म्हणाले, "पर साहेब, बंद न्हाई पडू दिलं. कड्या काढल्यापास्नं येक दिस बी न्हाई. त्येच्यापायीच तर—"

साहेब आधी गोंधळले. मग त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण ते अगदी मऊ आवाजात, मुलाला समजवावं तसं म्हणाले, "अरे डॅनियल, काढून ठेवलं की ते बंद पडतंच. तसंच असतं ते. वर्षानं घातलं तरी पुन्हा चालू होतं. बंद पडलं असतं तरी काही बिघडलं नसतं."

त्यांनी घड्याळ कोटाच्या खिशात टाकलं, काडेपेटी दुसऱ्या खिशात, आणि विचारलं, जेवायला काय आहे.

बाबांनी मासे तळले. मी ताटं नेली, आणली. आई मागे भाकरी थापत होती आणि हात थांबला की मनगटाला झटका देत होती, रिकाम्या. साहेबांनी दुसऱ्यांदा मासा मागून घेतला आणि "मासे मात्र छान झालेत, डॅनियल" असं म्हणाले. तो 'मात्र' बाबांना ऐकू गेला की नाही कोण जाणे. ते "थँक्यू साहेब" म्हणाले. त्या संध्याकाळी ते आमच्याकडे येऊन काही सांगायला बसले नाहीत.

बाबांना कुणी कामावरून काढलं नाही. पण त्यानंतर येणारे पाहुणे निघताना बाया हातातलं, गळ्यातलं चाचपून बघायच्या, आणि कुणीतरी मोठ्यानं म्हणायचं, "सगळं घेतलंत ना? काही ठेवू नका हं." पूर्वीही म्हणत असतील. आता बाबा ते ऐकून बाजूला, अंगणात जाऊन उभे राहायचे, आणि मोटार दिसेनाशी झाल्याशिवाय खोलीत पाऊल टाकायचे नाहीत. कवळीची गोष्ट त्यांनी पुन्हा कधी सांगितली नाही. त्या नाताळात माझ्या मावशीनं आपणहून आठवण काढली, तर म्हणाले, "जाऊ दे, काय त्ये." आईनं मनगटापासून कोपरापर्यंत चिंधी गुंडाळली, भाजलंय असं शेजारणींना सांगून. माझ्या मनगटावरचा गोरा पट्टा शाळेच्या पोरींना दिसू नये म्हणून मी आखूड बाह्यांचा झगा टाकून दिला. उन्हानं दोघींचे हात सारखे व्हायला बरेच दिवस गेले, आणि रोज सकाळी आम्ही एकमेकींचं मनगट बघायचो, बोलायचो नाही.

पुण्याच्या त्या दुकानात मी आणखी एक वस्तू बघितली. काचेची पेटी, आत मखमल, आणि तीवर बसवलेली घड्याळं आपोआप हळूहळू गोल फिरत होती. मुलानं विचारलं, हे कशाला? पोरगं म्हणालं, ऑटोमॅटिक असतात ना सर, घातली नाहीत की बंद पडतात. ज्यांच्याकडे बरीच असतात ते ही मशीन घेतात, घड्याळ कायम चालू राहावं म्हणून. मी म्हटलं, पण बंद पडली तर बिघडत नाही ना? नाही मॅडम, पोरगं म्हणालं, पण चालू असलेली बरी वाटतात. मला परातीपुढे बसलेली आई दिसली. म्हणजे जे आम्ही केलं ते करतात, विकतचं यंत्र लावून करतात, आणि त्यात लाजण्यासारखं काही नसतं. हे कळून बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. मला पुन्हा तेच वाटलं, व्हरांड्यात वाटलं होतं ते, तसेच कान तापले.

बाबा शेवटी नगरला माझ्याकडेच होते. ऐकू कमी यायचं, दिसायचंही कमी. आई आधीच गेली होती; शेवटपर्यंत तिचं मनगट बोलता बोलता उडायचं, आणि बाबा तिला दर वेळी म्हणायचे, "आगं, नेलं ते." एका दुपारी मी त्यांना पेज भरवत होते. बरेच दिवस ते कशाबद्दलच बोलले नव्हते. त्यांनी चमचा हातानं बाजूला केला.

"बाय, आपन दिलं तवा चालू हुतं ना गं ते?"

मला कशाबद्दल विचारतात हे विचारावं लागलं नाही. मी त्यांच्या कानाशी जाऊन मोठ्यानं म्हटलं, "व्हय बाबा. चालू हुतं."

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "त्यांनी कानाला लावलंच न्हाई."